पूनम यादवचा वेग
'भारताची लेगस्पिनर पूनम यादव हिचा चेंडू इतका हळू येतो की चांगली बॅटर थांबून, बघून मारते', हे इथल्या चर्चेतलं मत मला अर्धंच पटलं. क्रीझमध्ये मागे राहून वाट बघणारीला ती खेळता येते, हे खरं. पण तेवढा धीर किती जणींकडे असतो? २०२० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सिडनीतला, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिलाच सामना परत बघा. भारताच्या फक्त १३२ धावा, ऑस्ट्रेलियाची हीली ५१ वर, आणि पूनमने तिला स्वतःच्याच गोलंदाजीवर झेलबाद केलं. मग हेन्स यष्टिचीत. पुढच्याच चेंडूवर एलिस पेरी! गुगली, म्हणजे अपेक्षेच्या उलट दिशेला वळणारा चेंडू, आणि थेट त्रिफळा. हॅटट्रिकचा झेल सुटला नसता तर... असो. १९ धावांत ४ बळी घेतले आणि सामना आपण १७ धावांनी जिंकला.

आणखी एक गोष्ट इथे कुणी मांडली नाही. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. हलका चेंडू त्यातून हळू आला, की सीमारेषेपार जायला लागणारा सगळा जोर बॅटरलाच लावावा लागतो. पुढे सरसावलेल्या बॅटरचा फटका चेंडू येण्याआधीच फिरून जातो आणि यष्टिरक्षकाचं यष्टिचीत करायचं काम सुरू होतं. म्हणून तिचा वेग ही मला उणीव वाटतच नाही, तेच तिचं हत्यार होतं.