अनुभव धागा: फ्री डिलिव्हरीच्या नादात काय काय घेतलंत?

माळ्यावर गणपतीची आरास शोधताना स्केचपेनचं पाकीट सापडलं. अजून फोडलेलंच नाही, शाई वाळून गेलीय. 2013 चं असणार. फ्लिपकार्टनं फुकट पोचवायची मर्यादा 300 वरून 500 केली होती आणि माझी पुस्तकं झालेली 452 ची. डिलिव्हरीचे पैसे कशाला द्या म्हणून 120 चे पेन टाकले. ह्यांनी तेव्हाच सांगितलेलं, बेळगावात गणपत गल्लीत चाळीसला मिळतात. तुमचं सांगा.

अनगोळकर: चार वर्षांचा उदबत्तीचा साठा आहे. कुणाला पाहिजे?

खानापूरची सून: तुम्ही मर्यादेचं काय सांगताय, आमच्या जांबोटीकडं पिनकोड टाकला की 'सेवा उपलब्ध नाही'. सगळं माहेरी टिळकवाडीला मागवायचं आणि आई म्हणणार, परत आलं बघ तुझं खोकं.

शहापूरवाला: दुकानदार म्हणून सांगतो, फ्री काही नसतंय ओ. 600 ची साडी 680 ला लावायची आणि वर 'फ्री डिलिव्हरी' लिहायचं. 600 अधिक 80 लिहिलं तर कुत्रं फिरकत नाही, दोन्ही करून बघितलंय. परत आली की जाण्यायेण्याचा खर्च आमच्याच बोकांडी. एक तर हळद लागून परत आली. लग्न उरकून!

अनगोळकर: अक्षता पण होत्या काय घडीत? 😂

शहापूरवाला: हसा हसा.

निपाणीकर: जगभर हेच. अमेझॉननं अमेरिकेत 2002 ला 99 डॉलरच्या वर फुकट केलं, त्याच वर्षी 49 वर आले, मग 25 वर. 2005 ला प्राइम, म्हणजे फुकट डिलिव्हरीची वर्गणी, वर्षाला 79 डॉलर. पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर माणूस वसूल करायला तिथंच घेतो. आमच्याकडं प्राइम आलं 2016 ला, तेव्हापासून बायको साबणसुद्धा गल्लीतून आणत नाही. फ्रान्सची तर गंमतच. 2014 ला तिथं पुस्तकं फुकट पोचवायला कायद्यानं बंदी केली, तर अमेझॉननं डिलिव्हरी लावली एक सेंट!

वडगावची: काल डिलिव्हरीवाल्याचा फोन, "मनी यल्लैत्री?" म्हणजे घर कुठंय. मी कन्नडमधून अर्धा रस्ता सांगितला, पुढचा मराठीतून. शेजारणीच्या दारात ठेवून गेला. ती म्हणते, माझंच वाटलं. फोडलंय!

खानापूरची सून: काय होतं आत?

वडगावची: विचारू नका.

टिळकवाडीकर: विषय सोडून विचारतोय. पुण्याला लेकीला मिठाई म्हणून अर्धा किलो कुंदा पाठवायचाय. कुरियरवाला कुंद्याच्या किमतीच्या वर मागतोय.

निपाणीकर: रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं द्या की.

टिळकवाडीकर: तोच म्हणतोय, पिशवी अर्धा किलोची असो नाहीतर दोनची, पैसे तेवढेच. दोन किलोच घ्यावा म्हणतो.

अनगोळकर: घ्या. सोबत उदबत्ती देतो, फुकट.