घट बसले की पाय घरात ठरत नाहीत: नाशिकच्या आसपासचा तुमचा एक दिवस सांगा

सर्वपित्री अमावास्येला रामकुंडावरची गर्दी ओसरली की आमच्याकडे 'या रविवारी कुठं?' सुरू होतं. घटस्थापना ते कोजागिरी एवढाच मामला. परतीचा पाऊस कधी गाठेल नेम नाही, तरी डोंगर अजून हिरवे असतात. या दिवसांतला एखादा अनुभव लिहा. सूर्यास्ताचे फोटो नकोत, ते सगळ्यांकडे आहेत. काय चुकलं, काय खाल्लं, कोण भेटलं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. नवरात्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर खासगी गाड्या जात नाहीत, नांदुरीला लावून एसटीनं वर जावं लागतं. हे माहीत असूनही आम्ही 'सोडतील की' म्हणत गेलो आणि नांदुरीच्या अलीकडेच अडकलो. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "चला, रडतोंडीनं." पायवाटेचं ते नाव कुणी ठेवलं त्याला दंडवत. मी तीनदा बसले, त्या एकदाही नाही. वर पोचल्यावर त्यांनी देवीची किंचित कललेली मान दाखवली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणतात आणि आई ती ऐकते, म्हणून. लहानपणापासून दर्शन घेतेय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. २०२२ साली शेंदराचा थर काढल्यावर मूर्तीचा चेहरा तर अगदी स्पष्ट दिसतो. सासूबाईंना मात्र आधीचंच रूप आवडतं. "ती आमची होती," म्हणतात.

•

तुमची सहल ती आमची द्राक्षबागेची छाटणी. निफाड तालुक्यात या दिवसांत कुणाला 'कुठं फिरायला गेलता?' विचारू नका, कात्री फेकून मारतील. काडी छाटायची, मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यावर पेस्ट लावायची. हातात मोजे, बोटभर स्पंज, एकेक डोळा. पेस्टच्या दिवशी मजुरांना पहिली ताकीद: दारूला हात लावायचा नाही. ते औषध अंगात गेलेलं असताना घोटभर घेतली तरी तोंड लालबुंद होतं आणि छाती धडधडायला लागते. आमच्या मळ्यात एकानं ऐकलं नाही, रात्री दवाखान्यात न्यावा लागला. फुटवा निघाल्यावर सगळं घर आभाळाकडं बघत बसतं. पोंग्यात, म्हणजे कोवळा फुटवा उमलताना पाऊस आला की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलाच म्हणून समजा. छाटणीपासून ११० ते १३० दिवसांनी तुम्ही जे द्राक्ष खाता, त्याचा निम्मा निकाल याच पंधरवड्यात लागतो.

•

चांदवडची रेणुकामाता. हायवेवरून वळलं की झालं, सकाळी सातला अर्ध्या तासात दर्शन. रंगमहाल बघायचा राहिला, तो दरवर्षीच राहतो.

•

अंजनेरीला हनुमानासाठी सगळेच जातात, मी फुलांसाठी जाते. पठारावर सोनकी अंथरलेली असते ती कुणालाही दिसते, कंदीलपुष्पासाठी मात्र गवतात गुडघे टेकावे लागतात. तिथं सापडणाऱ्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. पहिली दोन वर्षं मला ते दिसलंच नाही. तिसऱ्या वर्षी गुरं चारणाऱ्या एका आजोबांनी काठीच्या टोकानं दाखवलं, "हे का?" बोटभर उंचीचं, हिरवट, कंदिलासारखं. आनंदानं ओरडायच्या आत मागून आलेल्या ग्रुपमधला एकजण सेल्फीसाठी नेमका तिथंच बसायला निघाला. मी त्याची बॅग धरून ओढली. त्याला वाटलं साप आहे. मीही 'हो' म्हणाले.

•

नांदूर मध्यमेश्वर, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वडिलांना मोठी दुर्बीण घेऊन दिली होती, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ) म्हणून कौतुकानं नेलं. पाणी चिक्कार, बदकं नाहीत. गाईड म्हणाला, "दादा, पाहुणे थंडीत येतात, आत्ता घरचेच आहेत." घरच्यांपैकी जांभळ्या पाणकोंबड्या मात्र मनसोक्त बघितल्या. लव्हाळ्याचं देठ एका पायात धरून सोलून खाताना अगदी ऊस खाणाऱ्या माणसासारख्या दिसतात. वडील तासभर हलले नाहीत.

•

निफाडच्या दादांना: आम्ही सिडकोतले लोक काय करणार, आमचं नवरात्र म्हणजे पहाटे साडेचारला अनवाणी कालिकेला. नऊ दिवस. पायाला टाचणी टोचली तरी आठव्या दिवशी कळत नाही.

•

कळसूबाई, नवरात्रातली पाचवी माळ. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून मी बूट, काठी, इलेक्ट्रॉलची पाकिटं असा जामानिमा करून बारीतून चढलो. दुसऱ्या लोखंडी शिडीवर कोंडी झाली. माझ्यापुढं साठीची एक बाई, नऊवारीचा काष्टा, अनवाणी, डोक्यावर परडी. मी शिडीला दोन्ही हातांनी चिकटलेलो, तिचा एक हात परडीला. वळून म्हणाली, "खाली नको बघू, माझ्या टाचंकडं बघ." पुढच्या सगळ्या शिड्या मी त्या टाचेकडं बघत चढलो. भेगांत लाल माती बसलेली. वर बसल्यावर तिनं गोष्ट सांगितली: कळसू नावाची मुलगी एका पाटलाकडं कामाला होती, झाडलोट-भांडी करणार नाही या बोलीवर. तरी करायला लावलं, तशी ती निघून डोंगरावर आली. "म्हणून आम्ही बाया येतो," म्हणाली, आणि मला अर्धी भाकरी दिली. ठेचा इतका तिखट की माझं इलेक्ट्रॉल तिथंच संपलं.

•

कोजागिरीला वणीच्या गडावर कावडी येतात त्या एकदा बघाच. कुठून कुठून नद्यांचं पाणी खांद्यावर घेऊन माणसं अनवाणी चालत येतात. त्याच रात्री तृतीयपंथीयही मोठ्या संख्येनं जमतात. मी दूध आटवायचं सामान घेऊन गेलो होतो, गर्दीत पातेलं ठेवायला जागा मिळाली नाही. शेजारच्या एका तृतीयपंथी ताईनं आपला स्टोव्ह सरकवून दिला. साखर मी विसरलो होतो, तीही त्यांचीच.

•

निफाडकर, तुमचा अनुभव वाचून लेकीला मळा बघायचाय. रविवारी आलो तर चालेल का?

•

या की. जेवण आमच्याकडं. चार ओळी राहिल्यात छाटायच्या, दोन कात्र्या जास्तीच्या आहेत. पाऊस आला तर मात्र बागेत पाय ठेवू देणार नाही, ओट्यावर बसून भजी खायची.