डायलिसिसला तयार झालेली सिस्टर टिकवायची कशी?

मिरजेची इन्चार्ज
सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिस बघते. सहा मशीन, दोन शिफ्ट. परवा चौथ्या पोरीनं राजीनामा दिला. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा होऊन आलेल्या मुलीला फिस्टुला (डायलिसिससाठी पेशंटच्या हातात ऑपरेशननं जोडलेली रक्तवाहिनी) टोचताना हात थरथरायचा थांबेपर्यंत सहा महिने जातात. ही राजीनामा दिलेली तर सुई उचलायच्या आधी डोळे मिटून बोटानं त्या रक्तवाहिनीची थरथर बघायची. जतहून येणारे एक आजोबा दुसऱ्या कुणापुढं हातच करत नाहीत, "ती बारकी सिस्टर कुठाय?" मॅनेजमेंट म्हणतंय बाँड लिहून घ्या, मार्कशीट ठेवून घ्या. मला पटत नाही. पगार माझ्या हातात नाही. मग माझ्या हातात आहे काय?

पुण्याला गेलेली
मॅडम, मी पण अशीच गेले. चार हजार जास्त मिळाले, ते खोलीभाड्यातच संपले. वैताग होता ड्यूटी लिस्टचा. तीन वर्षं आयसीयू करून, वॉर्डात कुणी रजेवर गेलं की ढकला हिला तिकडं. क्रिटिकल केअरचा वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करते म्हटलं तर मेट्रन म्हणाल्या, "केलास की जाशीलच." नाही केला. तरी गेलेच.

रिटायर्ड मेट्रन
मार्कशीट अडकवू नका हो, त्यानं माणूस राहत नाही, नुसता कुढतो. पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीनं २०१६ साली ५० खाटांच्या आतल्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा महिना किमान २० हजार सुचवलेत, २०० खाटांच्या वर सरकारी नर्सइतके. शिफारसच आहे ती, पण कागद मॅनेजमेंटच्या टेबलावर ठेवा तरी. आणि नव्या मुलींना टोचायला शिकवायचं काम तिलाच द्या, लिस्टवर तसं लिहून. नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे तास लागतात, त्याला ड्यूटी धरून पाठवा. आमच्या वेळी ऑफ मोडून, पदरचे पैसे घालून जायचो, अजूनही राग येतो.

मिरजेची इन्चार्ज
आज तिला बसवून विचारलं. म्हणाली, "मॅडम, गेल्या महिन्यात नऊ दिवस मी वॉर्डातच होते." लिस्ट काढून मोजले तर अकरा निघाले. खाली सही माझीच. पुढच्या महिन्याची लिस्ट अजून वर पाठवलेली नाही, आज रात्री बसते.