शिवाजी पार्कला भाड्याने राहण्याबद्दल

शिवाजी पार्कला भाड्याने राहायचं, तर मैदानासमोरचा फ्लॅट घ्यावा की मागच्या गल्लीतला, हा प्रश्न पडतोच. माझं मत: मागची गल्ली. भाडं कमी, आणि कट्ट्यावर फेरी मारायला चालत दोन मिनिटं.

समोरच्या घराचा खरा त्रास गोंगाटापेक्षा लाल मातीचा. जानेवारी ते मे सकाळी पुसलेला टीपॉय दुपारी बोट फिरवलं की लाल. वाळत घातलेले पांढरे शर्ट तर विसराच. कुणाला दमा असेल तर समोरचं घर नकोच. आवाजाचं म्हणाल, तर 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला, पण दसरा मेळाव्याच्या दिवशी तुम्हाला ते जाणवणार नाही. 6 डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीमुळे रस्ते बंद असतात. गाडी आधीच बाहेर काढून ठेवायची.

भाड्याचं घर म्हटलं की सगळे डिपॉझिटवरच बोलतात, पण इथे आधी विचारा की इमारत पागडीची आहे का (म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर वर्षानुवर्षं राहायची जुनी पद्धत). पागडीचा भाडेकरू घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवत असेल, तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याचंच घर जाऊ शकतं, मग तुमचं काय? त्याच कायद्यात करार नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. 'नोंदणी कशाला, आपण घरचेच' म्हणणाऱ्या काकांना गोड हसून नाही म्हणा.

आणि रीडेव्हलपमेंट. जुन्या दोन-तीन मजली इमारती भराभर पडताहेत. पाडकामाची नोटीस आली तर डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या.