मदत हवी आहे: नजर कमी असलेल्या भाच्याचा बँक परीक्षेचा अभ्यास

नमस्कार मंडळी,

भाचा बार्शीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार. लहानपणी नुसता रातांधळेपणा होता, आता नजरेचा घेर १० अंशांच्या आत आलाय. समोरच्याचा चेहरा ओळखतो, पण पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. म्हणून लोकांना वाटतं, सोंग करतोय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार एवढा घेर म्हणजे अंधत्वच. यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालंय, तेव्हा 'आधी प्रमाणपत्र काढा' हा सल्ला कृपया नको.

त्याला सरकारी बँकेत क्लार्क व्हायचंय. ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी, त्यात १ टक्का अंध आणि अल्पदृष्टींना. घरचे म्हणतात, झेरॉक्सचं दुकान टाकून देऊ. (छापलेलं वाचता येत नाही त्याला झेरॉक्स! असो.)

घोडं अडलंय ते अभ्यासाच्या साहित्यापाशी. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो सफाईने वापरतो, फुकटच आहे ते. पण कॉलेजच्या मराठी नोट्स श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरं) नसल्याने स्क्रीनरीडर मराठीऐवजी भलतीच अक्षरं आणि चिन्हं वाचत सुटतो. उरलेल्या नोट्स म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले वहीचे फोटो. छापील पानाचा फोटो गूगल डॉक्समध्ये उघडला की मजकूर बऱ्यापैकी निघतो, मात्र ताळेबंदाचे रकाने मोडतात आणि येणी-देणी एकात एक मिसळतात. तो एकदा म्हणाला, "मामा, हिशेब मला येतो, पण कुठला आकडा कुठल्या बाजूचा तेच कळत नाही."

श्रीलिपीचं युनिकोड करताना आकडे न बिघडवणारं काही कुणी वापरलंय का? आणि ताळेबंद एक्सेलमध्ये कसा मांडला तर नुसता ऐकून समजतो?

दुसरं, लेखनिक, म्हणजे परीक्षेत त्याला प्रश्न वाचून दाखवून तो सांगेल ते उत्तर लिहिणारा. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, ते ठीक. पण स्वतःचा लेखनिक न्यायचा तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी लागतं. म्हणजे बारावीचा मुलगा धरायचा आणि गणिताची उदाहरणं भराभर, न चुकता वाचायची सवय त्याला आधीपासून लावायची. हा सराव तुम्ही कसा केलात? सोलापूर-बार्शीकडे असे लेखनिक कुठे भेटतात?

शेवटचा प्रश्न बँकेत असलेल्या दृष्टिहीन मित्रांना. तुमच्या शाखेतल्या कोअर बँकिंगच्या (खाती आणि व्यवहारांच्या) सॉफ्टवेअरवर स्क्रीनरीडर नीट चालतो का? की नेमणूक झाल्यावर नुसतं फोन घ्यायला बसवतात? गोड बोलू नका, असेल ते सांगा. इथे नको वाटलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा.