मदत हवी आहे: अलास्काच्या क्रूझवर अस्वल बघायला कोणती सहल घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी बुलढाण्याकडचा कास्तकार. गाव ज्ञानगंगा अभयारण्याला लागून आहे, त्यामुळे अस्वल आम्हाला नवं नाही. उन्हाळ्यात डोंगरातलं पाणी आटलं की ती नाल्यानाल्याने खाली उतरतात आणि अंधारात वावरात एकट्याने जायचं नाही हे लहान पोरालाही माहीत असतं. आता त्याच जनावराला बघायला पैसे मोजून जायचं म्हटल्यावर गावातले विचारतात, "काहून बाप्पा, इथली कमी पडली का?"

झालं असं, की मुलगी-जावई सिएटलला असतात. त्यांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली सात रात्रींची क्रूझ घेतली आहे. सिएटलहून निघून जुनो, स्कॅगवे, केचिकन, व्हिक्टोरिया आणि परत सिएटल. जहाजाचं बुकिंग झालं, किनाऱ्यावरच्या सहलींचं राहिलं आहे. डवरणी, फवारणी भाऊ बघेल, पण पोळ्याच्या आत मला घरी यायचंच आहे, म्हणून तारीख बदलणार नाही.

आमच्या मंडळीने मोबाइलवर धबधब्यात उभं राहून उडता मासा तोंडात पकडणारं अस्वल पाहिलं आहे. तिचं एकच म्हणणं, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल, हे दाखवा. तिचे गुडघे दुखतात. सपाटीला अर्धा तास चालते, पायऱ्या आल्या की बसते. सोबत सहा वर्षांचा नातू.

मुलीने चार नावं पाठवली आहेत. जुनोहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने पॅक क्रीक, केचिकनहून तशाच विमानाने अनान क्रीक, केचिकनजवळच रस्त्याने हेरिंग कोव्ह, आणि जुनोची मेंडेनहॉल हिमनदी, जिथे नशिबात असलं तर अस्वल दिसतं म्हणे. विमानाच्या सहलींचे भाव पाहून डोळे पांढरे झाले. एका माणसाच्या पैशात इथे सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी सगळं निघतं. पण एकदाच जायचं आहे, तर पैशाकडे पाहून मागाहून हळहळही नको.

यातली कोणती घ्यावी? जहाजाकडून घ्यावी की बाहेरून? आणि अस्वल दिसलंच नाही तर पैसे परत मिळतात का?

नागपूरकर_सिएटल:

काका, आधी एक गोष्ट. काकूंनी पाहिलेला धबधबा बहुतेक ब्रूक्स फॉल्स असणार. तो कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात आहे, तुमच्या जहाजाच्या वाटेवर नाहीच. तिथे लोक अँकरेजकडून विमानाने जातात. शिवाय तिथली खरी गर्दी जुलैत आणि मग सप्टेंबरात, ऑगस्टमध्ये अस्वलं पांगतात. तेव्हा तो हट्ट सोडायला लावा.

दुसरं म्हणजे, सहल निवडताना जाहिरातीतला फोटो बघू नका, मासा बघा. अस्वल नदीवर येतं ते सॅमन माशासाठी. ज्या ओढ्यात त्या आठवड्यात मासा चढतोय तिथे अस्वल, नाहीतर हिरवं रान बघून परत. तुमची तारीख या हिशोबाने चांगली आहे. अनानला पिंक सॅमन जुलै-ऑगस्टमध्येच चढतो आणि तिथे काळी व तपकिरी, दोन्ही अस्वलं एकाच ओढ्यावर येतात. म्हणूनच तिथे 5 जुलै ते 25 ऑगस्ट या काळात परवाना लागतो. तो तुम्ही स्वतः काढत बसू नका, ज्यांच्याकडे आहे अशाच सहलवाल्याकडे बुकिंग करा.

पण काकूंचं अवघड आहे. विमान उतरतं तिथून बघायच्या मचाणापर्यंत जंगलातली साधारण अर्ध्या मैलाची पाऊलवाट, मध्ये पायऱ्या, आणि पावसात लाकूड शेवाळलेलं. केचिकनला वर्षाला 3,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा कोरडी वाट मिळेल ही आशाच नको. वाटेवर खाण्याचं काहीही न्यायचं नाही. खिशातला चिवडासुद्धा नाही.

परदेशी_माहेरवाशीण:

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचेही गुडघे असेच. पॅक क्रीक तर त्यांच्यासाठी नकोच. ते ॲडमिरल्टी बेटावर आहे, फक्त तपकिरी अस्वलं, जागा सुंदर. पण विमानातून उतरताना रबरी बूट घालून पाण्यातून चालावं लागतं, आणि बसायला छप्पर नाही, वाळू-गोट्यांचा किनारा. तिथेही परवाना आणि रोजच्या माणसांची मर्यादा आहे. तरण्या माणसाने जावं.

आम्ही हेरिंग कोव्ह घेतलं. गावापासून आठेक मैल, गाडीने. ओढ्यावर मत्स्यबीज केंद्र आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये मासे इतके दाटतात की पाणी काळं दिसतं. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून बघायचं. अस्वलं काळी. धबधब्यात उडी वगैरे नाही, ओढ्यात उतरतं, मासा दाबतं आणि झाडीत नेऊन खातं. सासूबाई तेवढ्यावर खूश होत्या. मेलेल्या माशांचा वास मात्र भयंकर, नातवाला आधीच सांगून ठेवा.

मेंडेनहॉलला स्टीप क्रीक नावाचा छोटा ओढा आहे, त्यात जुलैच्या मध्यानंतर सॉकाय सॅमन येतो आणि काळी अस्वलं फिरतात. दिसलं तर दिसलं, नाही तर हिमनदी आहेच. एक लक्षात ठेवा. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्येच हिमनदीच्या बाजूच्या खोऱ्यात साठलेलं पाणी फुटून मेंडेनहॉल नदीला मोठा पूर आला. तुमची तारीख नेमकी त्यात येते. तेव्हा तिथलं ऐनवेळी रद्द होऊ शकतं असं धरूनच चला.

मूळ प्रश्नकर्ता:

ताई, भाऊ, मनापासून आभार. माशावरून अस्वल ठरवायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडेही तसंच आहे म्हणा, बोरं आणि जांभळं पिकली की लोक तिकडे जायचं टाळतात.

मंडळीला धबधब्याचं सांगितलं. म्हणाली, ओढा तर ओढा, मासा पकडायला पाहिजे.

पैसे परत आणि जहाज की बाहेर, हे कोणी सांगेल का? आणि एक शंका: एवढ्या जवळून बघताना ते अंगावर येत नाही का? आमच्याकडचं तर अचानक समोर आलं की उभं राहून थेट तोंडावर येतं.

मेळघाटचा:

दादा, आपलं अस्वल वाघाच्या रानात वाढलेलं. पळून सुटता येत नाही म्हणून अंगावर धावायचं, असा त्याचा स्वभाव झाला असं अभ्यासक म्हणतात. शिवाय ते वारुळातली वाळवी उकरत खाली मान घालून असतं, माणूस जवळ आलेला कळतच नाही, आणि मग दचकतं. तिकडे ओढ्यात मासा मुबलक असताना त्याला माणसात रस नसतो. त्यातून बघायच्या जागा ठरलेल्या आणि माणसं रोज तिथेच उभी, त्याला सवय झालेली. तरी नियम मोडायचे नाहीत: पळायचं नाही, घोळक्याने राहायचं, नातवाचा हात सोडायचा नाही. आकाराने मात्र फसू नका, तिकडच्या किनाऱ्यावरचा तपकिरी नर आपल्या नराच्या कितीतरी पट भरतो.

नागपूरकर_सिएटल:

जहाजाकडून घेतली तर महाग पडते, पण सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून घेतली आणि उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंत तुमचं तुम्ही. रस्त्याच्या सहलीत हा धोका कमी, विमानाच्या सहलीत जास्त, कारण धुकं आलं की विमान उडत नाही. हवामानामुळे रद्द झालं तर साधारणपणे पैसे परत मिळतात. अस्वल दिसलं नाही म्हणून सहसा नाही, पण बुकिंगच्या अटी वाचून घ्या. विमानवाले प्रत्येकाचं वजन विचारतात, खरं सांगायचं, त्यावरून जागा ठरते.

आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, काही तासांचा थांबा असला तरी. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेशाचा असायला हवा. हे आजच बघा, अस्वलाचं नंतर.

मूळ प्रश्नकर्ता:

व्हिसाचं बरं झालं सांगितलंत, मुलीला लगेच फोन केला. अमेरिकेचा आहे, कॅनडाचा अर्ज आज टाकते म्हणाली.

आमचं जहाज केचिकनला सकाळी 7 ला लागतं आणि दुपारी 1 ला सुटतं. मंडळी आणि नातू हेरिंग कोव्हला, आणि मी व जावई अनानला, असं जमेल का?

परदेशी_माहेरवाशीण:

काका, नका करू. सुटायच्या निदान अर्धा तास आधी जहाजावर चढायचं असतं. सकाळी उतरून विमानाच्या धक्क्यापर्यंत जायचं, मग जाणं-येणं, जंगलातली वाट, तिथे थांबणं. सहा तासांत ते बसवायचं म्हणजे प्रत्येक मिनिटाला घड्याळ. फारच मन असेल तर सहलवाल्याला जहाजाचं नाव आणि तारीख देऊन विचारा, त्यांना सगळ्या जहाजांच्या वेळा पाठ असतात. ते हो म्हणाले तरच.

मूळ प्रश्नकर्ता:

विचारलं. त्या दिवशी तुमच्या जहाजाला नेत नाही म्हणाले. तेव्हा सगळे मिळून हेरिंग कोव्ह, जहाजाकडूनच. जुनोला मेंडेनहॉल, पण आगाऊ पैसे न भरता, त्या दिवशी रस्ता उघडा आहे का ते बघून. आता रेनकोट इथून न्यावेत की सिएटलला घ्यावेत, एवढं कोणी सांगा. इथला प्लास्टिकचा तिकडच्या पावसात टिकेल असं वाटत नाही.