'आत्मज्ञान', 'सामूहिक शहाणपण' आणि त्यांचा 'तोल'

प्रश्नकर्ती : व्यक्तिमत्त्वविकासावरील एका पुस्तिकेचा अनुवाद करताना एका वाक्यापाशी अडले आहे. माणसाला वाढायचे असेल, तर स्वतःविषयीची जाण आणि अनेकांच्या अनुभवांतून आलेली समज यांचा त्याने तोल सांभाळावा, असा त्या वाक्याचा आशय आहे. मी 'आत्मज्ञान' आणि 'सामूहिक शहाणपण' असे लिहिले होते. संपादकांनी पहिल्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून समासात 'वाचकाला मोक्षाला पाठवू नये' असा शेरा मारला आणि दुसऱ्याखाली नुसते प्रश्नचिन्ह ठेवले. शेरा मला पटला, कारण आपण कोणते काम टाळतो किंवा रागाच्या भरात काय बोलून बसतो, हे ओळखण्याला आत्मज्ञान म्हणणे जरा जास्तच होते. प्रश्नचिन्हाचा अर्थ मात्र लागत नाही.

जुना वाचक : पहिल्यासाठी 'आत्मभान' घ्यावे, तो शब्द आता चांगला रुळला आहे. प्रश्नचिन्हाचे कारण माझ्या मते 'शहाणपण' आणि 'शहाणपणा' यांतील एका कान्यात आहे. शहाणपण सुचते, पण शहाणपणा केला जातो, आणि तोही बहुधा नको तेथे. 'शहाणपणा पुरे' हे लहानपणी ज्याने ऐकले आहे, त्याला 'सामूहिक शहाणपण' वाचताना सर्वांनी मिळून केलेला आगाऊपणा दिसतो. त्यातच 'सामूहिक' म्हटले की पुढे 'कॉपी' किंवा 'रजा' येणार, अशी कानाला सवय झालेली आहे.

शब्दवेल्हाळ : 'शहाणा' शब्दाचे मूळ 'सज्ञान' आहे आणि हिंदीतील 'सयाना' हा त्याचाच भाऊ. शहाणा म्हणजे शाहासारखा वागणारा, असे ठासून सांगणारे एक गृहस्थ मला भेटले होते. त्यांचे समाधान मी मोडले नाही. गंमत अशी की मूळ 'सज्ञान' शब्द आता वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याचे सांगण्यापुरता उरला आहे. तद्भवाच्या वाट्याला अक्कल आली आणि तत्समाच्या वाट्याला जन्मदाखला.

काटेकोर : 'संचित प्रज्ञा' असा निर्दोष शब्द उपलब्ध असताना एवढा खल कशासाठी, हे समजत नाही.

जुना वाचक : निर्दोष कसा? 'संचित' म्हटले की पाठोपाठ प्रारब्ध आणि क्रियमाण येतात. मोक्षातून सोडवलेल्या वाचकाला आपण कर्मविपाकात अडकवत आहात. शिवाय अर्थही वेगळा होतो. संचित ते, जे पिढ्यांमागून पिढ्यांनी साठवत आणले. सामूहिक ते, जे एकाच वेळी अनेकांकडून मिळते. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली, एका स्पर्धेत आलेले, बैलाच्या वजनाविषयीचे ७८७ अंदाज तपासले. त्यांतील मधला अंदाज १२०७ पौंड होता आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड भरले होते. ही समज कोणी साठवलेली नव्हती, आणि एकत्र बसून ठरवलेलीही नव्हती. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी भरली होती.

गप्प बसणारा : मला अडचण 'तोल' या शब्दाची वाटते, ज्याकडे कोणी पाहिलेच नाही. तोल म्हटले की दोन पारडी आली, आणि ती वेगळी असावी लागतात. एका प्रशिक्षणात आमच्याकडून 'जोहरी खिडकी' भरून घेतली होती. ५६ विशेषणांच्या यादीतून स्वतःला लागू पडणारी आपण निवडायची, आणि तीच यादी घेऊन सहकाऱ्यांनी आपल्यासाठी निवड करायची. मी पहिली खूण 'शांत' या शब्दावर केली. पाच सहकाऱ्यांपैकी एकानेही तो शब्द निवडला नव्हता, आणि तिघांनी 'तणावग्रस्त' निवडला होता. त्या खिडकीत एक कप्पा इतरांना दिसणाऱ्या आणि आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींचा असतो. माझा तो कप्पा चांगलाच भरला. तेव्हा 'मी तणावात असतो' हे मला कळले, ते आत्मभान म्हणायचे की सामूहिक शहाणपण? ज्या जाणिवेचा अर्धा भाग दुसऱ्यांकडूनच येतो, तिचा दुसऱ्यांशी तोल कसा सांभाळणार? 'मेळ' म्हणावे, असे मला वाटते.

शब्दवेल्हाळ : माणसाची पारख करणारी म्हणून ती 'जोहरी', म्हणजे जवाहिऱ्याची, असे मी इतकी वर्षे समजत होतो!

गप्प बसणारा : ती १९५५ सालची, जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघा मानसशास्त्रज्ञांची कल्पना आहे. जो आणि हॅरी मिळून जोहरी.

काटेकोर : आपल्याकडे 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण असताना परदेशी खिडक्या कशाला उघडायच्या? निर्णय मनाचा, हे तुकोबांनीही सांगितले आहे : 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता'. अशी शुद्ध मराठी सोडून आपण 'फीडबॅक' म्हणत बसतो.

जुना वाचक : त्या ओळीतील 'ग्वाही' फारसीतून आलेला आहे, एवढेच नम्रपणे नोंदवतो. तसेच ग्वाही म्हणजे साक्ष. निवाडा करणारा वेगळा असतो. 'बहुमत' या शब्दावरही हात वर करून केलेली आजची मोजणी लादू नये. म्हणीविषयी सांगायचे, तर लोक ती फक्त उत्तरार्धासाठी वापरतात. 'ऐकावे' आणि 'करावे' ही दोन्ही क्रियापदे विध्यर्थी आहेत, म्हणजे ऐकण्यातूनही सुटका नाही.

काटेकोर : 'ग्वाही' रुळलेला आहे. रुळलेल्या शब्दांना माझा विरोध नाही.

जुना वाचक : 'फीडबॅक' किती वर्षांनी रुळला असे आपण मानाल, तेवढे कळवावे.

प्रश्नकर्ती : मजकूर उद्या द्यायचा आहे. 'आत्मभान आणि चारचौघांची समज यांचा मेळ' असे लिहिते आहे. कोणाची हरकत आहे का?

शब्दवेल्हाळ : थोडी आहे. 'चारचौघांत' आपल्याकडे शोभा होते, हसे होते, मान खाली जाते. त्या चौघांकडून समज घेताना मी तरी कोणाला पाहिलेले नाही.